सांगाडा सुटा हवा

सरांच्या शर्टाच्या खिशात तीन वस्तू कायम असायच्या. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला लांब दांड्याचा छोटा आरसा, पेनाएवढा टॉर्च आणि पिवळा मार्कर. आरसा आणि टॉर्च पाइपची मागची बाजू बघायला, मार्कर नापास जागेवर फुली मारायला. कामावर हे सगळं ठीकच होतं. पण कुवेतातल्या आमच्या अब्बासिया वस्तीतल्या उडप्याकडे बसल्यावर सर तोच आरसा काढून मेदूवड्याची खालची बाजू बघायला लागले, की आजूबाजूला आपल्या ओळखीचं कोणी नाही ना, हे मी आधी बघून घ्यायचो.

आमच्या कंपनीत ते वेल्डिंगचे मुख्य इन्स्पेक्टर. रिफायनरीतल्या पाइपांचे, टाक्यांचे जोड तपासायचे, नियमात बसतील ते पास करायचे आणि बाकीचे कापून पुन्हा करायला लावायचे, हा त्यांचा धंदा. त्यांच्या हाताखाली मी सात वर्षं काढली. काढली असंच म्हणतो, कारण पहिली दोन वर्षं मी रोज घरी जाऊन बायकोला म्हणायचो की हा म्हातारा मला वेडा करणार. माझा रिपोर्ट ते वाचायचे तो शेवटच्या ओळीपासून वर. म्हणायचे, "सुरुवातीला माणूस जपून लिहितो. शेवटी कंटाळतो. चूक शेवटी असते." आणि खरोखरच असायची, हा आणखी मनस्ताप.

एखादी गोष्ट आवडली नाही, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "बसत नाही" एवढंच म्हणायचे. खैतानमधल्या शिंप्याने शिवलेला शर्ट त्यांनी चार वेळा परत केला. चौथ्या वेळी तर पिवळ्या मार्करने बगलेत फुली मारून परत केला. शिंपी लखनौचा, अदबशीर माणूस. तो म्हणाला, "साहब, पहनने में तकलीफ है क्या?" सर म्हणाले, "तकलीफ नहीं है. नाप में नहीं है." शिंप्याने पैसे परत केले आणि हात जोडले. तो शर्ट सर पुढे पाच वर्षं वापरत होते, फुलीसकट.

एका वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात आरतीला अर्धा तास उरलेला असताना सर मखराच्या मागे आरसा घेऊन शिरले. बाहेर आले ते सरळ मंडळाच्या अध्यक्षांकडे. मागचे दोन बोल्ट अर्धेच आवळलेत, मूर्ती उतरवा. बायका नऊवाऱ्या नेसून ताटं घेऊन उभ्या, पोरं भुकेली, अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा. मूर्ती उतरवली, बोल्ट आवळले, मूर्ती बसवली. आरती पाऊण तास उशिरा झाली आणि सर सगळ्यांच्या मागे उभं राहून अगदी मनापासून टाळ्या वाजवत होते. लोकांच्या शिव्या त्यांच्या कानापर्यंत पोचतच नसत, किंवा पोचत असतील तर त्या नियमात बसत नसतील.

त्यांचा सगळ्यात मोठा नियम एकच होता: आपलं काम आपण तपासायचं नाही. "आई आपल्या पोराला दाखला द्यायला लागली, तर त्या दाखल्याला काय अर्थ?" हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे. हा नियम घरीही लागू. चतुर्थीला मला खोलीवर बोलवायचे. साबुदाण्याची खिचडी स्वतः करायचे आणि ताट माझ्यापुढे ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहायचे, पाठ फिरवून. मी खाऊन सांगायचं, मीठ बरोबर आहे का, दाणा मोकळा आहे का. मी पास म्हटल्यावर मगच आत येऊन पहिला घास घ्यायचे. एकदा मी थट्टेने नापास म्हणालो, तर ते पुन्हा साबुदाणा भिजवायला निघाले. तीन तास लागले असते. मी पाय धरले तेव्हा थांबले.

त्यांची ती खोली म्हणजे अब्बासियातल्या एका जुन्या इमारतीतलं एक बिऱ्हाड, जिन्यात कायम माशाचा वास. त्यांच्या पगारात समुद्राकाठी फ्लॅट मिळाला असता. पण कंपनीची बस इथे थांबते, म्हणून इथे. काकू, म्हणजे त्यांची बायको, सुरुवातीची चार वर्षं कुवेतला होत्या, मग मुलाच्या शाळेसाठी नाशिकला गेल्या. मुलगा शाळेतून कॉलेजात गेला, कॉलेजातून कॅनडात गेला. काकू नाशिकलाच राहिल्या आणि सर इथेच. वर्षातून एक महिना सुट्टी. असा त्यांचा कुवेतातला बावीस वर्षांचा संसार.

मग साठीला आल्यावर त्यांच्या डोक्यात गाडी शिरली.

मला कळलं ते एका दुपारी साइटवरच्या केबिनमध्ये. डबे उघडले होते. सरांनी माझ्या पोळीभाजीशेजारी एक चकचकीत पुस्तिका सरकवली. जुन्या जमान्यातली इंग्लिश स्पोर्ट्स कार, दोन सीटची, वर टप नाही, नाक लांबलचक. तशीच हुबेहूब नवी गाडी घरी बनवायचं सामान, म्हणजे किट, पेट्यांतून येतं, सांगाडा, बॉडी, बारीकसारीक सगळं. इंजिन आपण दुसऱ्या गाडीचं काढून बसवायचं. कॉलेजात असताना नाशिकच्या एका गॅरेजात त्यांनी तसली खरी गाडी दुरुस्तीला आलेली पाहिली होती.

मी म्हटलं, "सर, हौसच आहे तर एखादी खरी जुनी घ्या की. इथे शौकीन लोक आहेत, विकतात कधी कधी."

"खरी कोणीतरी दुसऱ्याने केलेली," सर म्हणाले. "मला करायची आहे."

पुस्तिकेत दोन प्रकार होते. सांगाडा जोडून हवा की सुटा, म्हणजे नळ्या आपणच वेल्ड करायच्या? सगळं जग जोडून मागवतं. सरांनी सुट्याला खूण केलेली होती. "जोडलेला आणून वर बोल्ट आवळायचे, हे म्हणजे विकतचे मोदक आणून नैवेद्य दाखवण्यासारखं."

कुवेतात टप नसलेली गाडी म्हणजे तव्यावर बसून फिरणं. वर्षातले चार महिने ती बाहेर काढता येईल, बाकीचे आठ महिने तिला झाकून ठेवायची. रस्त्यावर आणायची परवानगी मिळेल का, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. कंपनीचा कागदपत्रं बघणारा इजिप्शियन माणूस म्हणाला, आधी गाडी तर आणा, कागद मग बघू. कुवेतात याचा अर्थ काहीही होऊ शकतो. सरांनी सबाह अल-सालेममध्ये एका बंगल्यामागची शेड पाहून ठेवली होती. मी शंका काढायचो, ते फाइलला लावायचे. गाडीची फाइल होती, हे सांगायला नकोच. तिच्यावर 'निर्णय बाकी' असं लिहिलेलं होतं.

खरा पेच मात्र वेगळाच होता. सरांची मुदत संपत आली होती. कंपनी आणखी दोन वर्षांचं पत्र द्यायला तयार होती. ते घेतलं तर इकामा राहील, म्हणजे या देशात राहता येईल, आणि गाडी होईल. नाही घेतलं तर सामान बांधून कायमचं नाशिक. नाशिकला गाडी होणं शक्य नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली सोसायटीचं पार्किंग. "तिथे ग्राइंडर लावला तर सेक्रेटरी पोलीस बोलावील," सर म्हणाले. म्हणजे गाडी हवी तर दोन वर्षं इथे, काकू तिकडे. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं.

त्याच आठवड्यात मला काकूंचा फोन आला. एरवी दिवाळीला चिवडा पोचला का, एवढंच विचारायला करायच्या. त्या दिवशी बराच वेळ माझ्या मुलीची चौकशी केली. मग म्हणाल्या, "तुझ्या सरांनी मला गाडीचा फोटो पाठवलाय. छान आहे हो."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही त्यांना नाही म्हणा ना. ऐकतील ते."

"मी त्यांना आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही. आता कशी सुरुवात करू? चाळीस वर्षं ते दुसऱ्यांची कामं बघत आलेत, स्वतःच्या हाताने काहीतरी करावंसं वाटतंय, ते कळतं मला." मग म्हणाल्या, "पण मला ना, एकटीचा चहा करायची इतकी सवय झालीय. दोन वर्षांनी ते आले तर मला त्यांची अडचण वाटेल रे. आत्ता आले तर अजून नाही वाटायची. तू बघ ना जरा."

आता यात मी काय बघणार? पण हो म्हणालो. नाही कसं म्हणायचं?

बघायला काही लागलंच नाही. सरांनी निर्णयाची पद्धत आपली आपणच काढली. आमच्याकडे कुठलाही वेल्डर, मग तो कितीही वर्षांचा मुरलेला असो, परीक्षा दिल्याशिवाय जोडाला हात लावू शकत नाही. दोन लोखंडी तुकडे जोडायचे, त्या जोडातून चार पट्ट्या कापायच्या आणि प्रेसवर त्या घोड्याच्या नालासारख्या वाकवायच्या. वाकवल्यावर जोड तीन मिलिमीटरपर्यंत उघडला तर माफ. त्यावर गेला तर नापास. सर म्हणाले, "माझ्या सांगाड्यावर परीक्षा न दिलेला वेल्डर मी चालू देणार नाही. मी परीक्षा देतो. पास झालो तर किट आणि दोन वर्षांचं पत्र. नापास झालो तर नाशिक. एकच संधी." हे त्यांनी फाइलमध्ये लिहून त्याखाली सही केली.

मला हसू आलं. बायकोने बोलवलं म्हणून नाही, वय झालं म्हणून नाही, तर वेल्ड उघडला म्हणून हा माणूस घरी जाणार.

शिकवायला धरलं परकारभाईंना. परकारभाई रत्नागिरीकडचे, आमच्या वर्कशॉपचे फोरमन, आखातातली तीस वर्षं वेल्डिंगमध्ये गेलेली. गंमत अशी की कुवेतात आल्या आल्या पहिल्याच परीक्षेत सरांनी त्यांना नापास केलं होतं. सहा महिने हेल्पर म्हणून काढले, हेल्परच्या पगारात बहिणीचं लग्न पुढे ढकलावं लागलं. लोक सांगायचे, साहेबांनी नापास केलं म्हणून परकारचा हात सुधारला. हे एकदा परकारभाईंसमोरच कोणीतरी बोललं, तर ते शांतपणे म्हणाले, "नाय. हात आधीपण बराच होता. त्या दिवशी वारा होता, वाऱ्यात जोड बिघडतो."

तीन शुक्रवार सकाळी, सुट्टीच्या दिवशी, वर्कशॉपमध्ये सरांचा सराव चालला. मीही जायचो. दुसऱ्यांच्या हातांना चाळीस वर्षं नावं ठेवलेला माणूस तो, आणि त्याचा स्वतःचा जोड मात्र वाकडातिकडा जायचा. रॉड चिकटायचा, ठिणग्या बुटात जायच्या. परकारभाई शेजारी उकिडवे बसून सांगायचे, "साहेब, श्वास धरू नका. श्वास सोडत सोडत हात सरकवा. घाई कोणाची नाय." सर शाळेतल्या पोरासारखे मान हलवायचे. दुसऱ्या शुक्रवारी माझी मुलगी आली होती. सरांचा जोड काचेतून बघून ती मला म्हणाली, "बाबा, अंकल इज सो हॅपी." मी तिला गप्प केलं. पण तिचं खरं होतं. सात वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं आणि मला त्याचा त्रास होत होता.

परीक्षेच्या शुक्रवारी बाहेर धूळ उडत होती. सर टेबलाशी बसले, काच खाली घेतली. परकारभाई उठले, वर्कशॉपचं मोठं दार ओढून लावून घेतलं, फटीत पोती कोंबली आणि मग म्हणाले, "करा सुरू."

जोड झाला. पट्ट्या कापल्या. पहिल्या तीन वाकल्या, कुठे केसाएवढीही चीर नाही. चौथी वाकली आणि तळाशी जोड उघडला. फार नाही, पण उघडला.

सरांनी ते पाहिलं आणि लगेच पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, खिचडीच्या वेळी राहायचे तसेच. "मोज," मला म्हणाले.

मी व्हर्निअर लावला. अडीच. पुन्हा लावला. अडीचच. पास.

अडीच म्हणायला एक क्षण पुरला असता. पण मला दिसल्या काकू, एकटीचा चहा घेऊन बसलेल्या. सरांची ती जिन्यातल्या वासाची खोलीही दिसली. या माणसाने चाळीस वर्षं सगळ्या जगातल्या चिरा शोधल्या आणि घरची एवढी मोठी चीर त्याला दिसली नाही, असं वाटून मला त्यांचा रागही आला. हे सगळं मी आता सांगतोय. तेव्हा मी फक्त म्हणालो, "साडेतीन."

परकारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना व्हर्निअर लागत नाही, डोळ्यांनी मिलिमीटर कळतो. मग प्रेस पुसायला लागले.

"साडेतीन?" सरांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"साडेतीन, सर."

"लिही." मी लिहिलं, सही केली. माझ्या नोकरीतला तो एकच खोटा रिपोर्ट. सरांनी फिरून तो वाचला, शेवटून वर. पट्ट्या पिशवीत भरल्या, कारण परीक्षेचे तुकडे जपून ठेवायचे असतात. मग हात धुऊन म्हणाले, "चला, इडली खाऊ." हॉटेलात त्यांनी आरसा काढला नाही.

पुढच्या आठवड्यात दोन वर्षांचं पत्र त्यांनी नाकारलं. मी काकूंना फोन केला. त्या फक्त "बरं झालं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला वाटलं, आयुष्यात एक चांगलं काम झालं हातून.

शेवटच्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावून कामाचा ताबा सोपवायची फाइल पुढे केली. त्यात एक यादी असते, आमच्या विभागातून पुढे कोणाची अंतिम सही चालेल त्यांची. सरांनंतर माझंच नाव, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. माझी पगारवाढ त्या एका ओळीवर होती. यादीत तीन नावं होती. माझं नव्हतं.

मी विचारायच्या आधी त्यांनी ड्रॉवरमधून चौथी पट्टी आणि व्हर्निअर काढून टेबलावर ठेवले. "मोज."

मी मोजली नाही.

"रिपोर्टवर सही झाल्यावर त्याच संध्याकाळी मोजली मी," सर म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "आधी मोजली असती तर नियम मोडला असता. काकूचा फोन आला होता ना तुला? तिने सांगितलेलं नाही. पण खोटं बोलायला तुझ्याकडे दुसरं कारण नव्हतं."

"सर, पत्राला उत्तर द्यायला तेव्हा चार दिवस होते. तुम्हाला कळलं होतं, मग किट का नाही मागवलंत?"

त्यांनी पट्टी हातात घेतली. "मी किती वेल्डर नापास केले असतील? ज्याला काम हवं असतं तो भांडतो. पुन्हा मोजा म्हणतो, तुमचा व्हर्निअर खराब आहे म्हणतो, आईची शपथ घालतो. परकार दोन तास भांडला होता. तू साडेतीन म्हणालास आणि मी 'लिही' म्हणालो. मला सुटल्यासारखं झालं रे. जोड शिकायचा होता, तो शिकलो. गाडी मला भांडण्याइतकी नको होती. हे तुझ्यामुळे कळलं, त्याबद्दल मी तुझा आभारी आहे." आणि खरोखरच त्यांनी उठून माझा हात हातात घेतला. त्यांचा तळवा ठिणग्यांनी भाजलेला होता.

मला वाटलं, आता ते पेन काढतील आणि यादीत चौथं नाव घालतील.

"पण सही तुझी नको," सर म्हणाले. "आज माझ्या बायकोचा फोन आला, म्हणून तू आकडा बदललास. उद्या कुठल्यातरी वेल्डरच्या बायकोचा येईल. ती रडेल. तिचंही खरंच असेल. आणि त्या पाइपाखाली माणसं काम करत असतील."

भांडावंसं वाटलं, आणि भांडायला तोंडच नव्हतं. फाइलच्या शेवटच्या पानावर, यादीखाली, 'वाचले व समजले' अशी ओळ असते. सरांनी तिथे बोट ठेवलं आणि पेन माझ्याकडे दिलं. मी सही केली. ती त्यांनी टॉर्च लावून नीट बघितली, आणि तेवढी चालवून घेतली.